टेगसच्या मुखापाशीं

आमच्या बीड जिल्ह्यास समुद्र नाहीं. गोदावरी हीच आमची गंगा, आणि पावसाळ्यांतील तिचा पूर हाच आमचा सागर! परंतु मुलें व सुना परदेशीं राहूं लागल्यापासून घरांतील वडील मंडळीही विलायतेस जातात, आणि तेथून जहाजानें अटलांटिकच्या किनाऱ्याकिनाऱ्यानें पोर्तुगालपर्यंत उतरतात. त्यांच्याकरितां हे चार शब्द.

साउदॅम्प्टन सोडून इंग्लिश खाडीबाहेर पडलें कीं बिस्केचा उपसागर लागतो. पश्चिमेस वारा अडविणारी भूमि नाहीं. दूरवरून आलेल्या लाटा किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर चढून उंचावतात, व मोठें जहाजही डोलूं लागतें. त्या दिवशीं आहार हलका ठेवावा. पुढें स्पेनच्या ला कोरुन्या बंदरीं रोमन लोकांनीं सुमारें १९०० वर्षांपूर्वीं बांधलेला दीपस्तंभ अद्यापि नाविकांस वाट दाखवितो. मग युरोपखंडाचें पश्चिम टोक काबो दा रोका, आणि नंतर टेगस नदीचें मुख व लिस्बन शहर. बेलेमच्या बुरुजाजवळ जी गोड टिकली विकतात तींत अंडें असतें, हें सोंवळ्याच्या मंडळींनीं आधींच जाणावें.

येथें मात्र घटकाभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. ४ एप्रिल १५७९ रोजीं पांच जहाजांचा तांडा लिस्बनहून गोव्यास निघाला. त्यांत फादर थॉमस स्टीफन्स हे तिशीचे इंग्रज जेजुइट होते. वाटेंत त्यांच्या जहाजावर दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व सत्तावीस दगावलीं, असें त्यांनीं वडिलांस लिहिलें आहे. २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोंचले. पुढें त्यांनीं मराठी भाषा अशी आपलीशी केली कीं, सुमारें ११,००० ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ मध्यें राशोल येथें छापलें गेलें. त्याच सुमारास आमच्या अंबेजोगाईंत दासोपंत चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरण लिहीत होते! दोघांस परस्परांची वार्ताही नसावी.

आमच्या घरांतील तरुण यावर विचारतात कीं, जे धर्म बाटविण्यास आले त्यांचें कौतुक कशास? प्रश्न रास्त आहे. साष्टींतील देवळें १५६७ मध्यें पाडलीं गेलीं. बाटलेल्यांचीं जुनीं पुराणें सुटलीं, म्हणूनच त्यांस हें नवें पुराण द्यावें लागलें. आणि १६८४ मध्यें तर लोकांनीं आपली भाषाच तीन वर्षांत टाकावी, असा हुकूम पोर्तुगीज सरकारनें काढला. हें सारें आम्ही विसरत नाहीं. तथापि ज्या राजसत्तेनें पुढें आमची बोली बंद करूं पाहिली, तिच्याच जहाजानें आलेल्या परक्यानें मराठीची थोरवी गाइली, हेंही खोटें नव्हे. आम्ही दोन्ही गोष्टी मुलांपुढें ठेवतों.

बेलेमच्या मठांत वाटाड्या वास्को द गामाची कबर दाखवितो. स्टीफन्स यांचें नांव त्याच्या तोंडून बहुधा निघणार नाहीं. तें बरोबरच्या नातवंडांस आपणच सांगावें.