नवख्याने कोणावर विश्वास ठेवावा?

पुस्तके, चित्रपट सुचवणाऱ्या संगणकीय शिफारस प्रणालीमागची एक प्रमुख कल्पना सोपी आहे. ज्यांची आवड आजवर तुमच्याशी जुळली, त्यांना आवडलेली वस्तू तुम्हालाही आवडेल. आवड किती जुळते, हे बहुधा सहसंबंध गुणांकाने मोजतात. १९९४ साली अमेरिकेतील ‘ग्रुपलेन्स’ प्रकल्पात हीच रीत वापरली होती.

पण नवख्याचे काय? त्याने जेमतेम दोन-चार वस्तूंना गुण दिलेले असतात. दुसऱ्या कोणाशी त्याची एकच वस्तू समान असेल, तर गुणांक निघतच नाही. समजा, दोन समान आहेत आणि प्रत्येकाने त्या दोन वस्तूंना वेगवेगळे गुण दिले आहेत. आता आलेखावर दोनच बिंदू मिळतात. दोन बिंदूंतून सरळ रेषा जाणारच! त्यामुळे गुणांक अधिक १ किंवा उणे १ येतो. म्हणजे आवड तंतोतंत जुळते, नाहीतर अगदी उलट आहे, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

ही अडचण क्वचित येणारी नाही. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘एपिनियन्स’ या संकेतस्थळावर ग्राहक वस्तूंची परीक्षणे लिहीत. इटलीतील पाओलो मास्सा व पाओलो अवेसानी यांनी तेथील सुमारे ४९ हजार सदस्यांची माहिती तपासली. निम्म्याहून अधिक सदस्यांनी पाचपेक्षाही कमी वस्तूंना गुण दिले होते.

तेथे एक वेगळी सोय होती. ‘या परीक्षकावर माझा विश्वास आहे’ असे सदस्याला नोंदवता येई. ‘अ’चा ‘ब’वर आणि ‘ब’चा ‘क’वर विश्वास असेल, तर ‘क’चे मतही ‘अ’साठी थोडे कमी वजन देऊन धरता येते. अशा साखळीमुळे एका नोंदीतून अनेकांची मते उपयोगी पडतात. शिवाय तुमचे गुण हुबेहूब नकलून ‘समान आवडीचा’ बनलेला लबाड येथे सहसा शिरू शकत नाही, कारण त्याच्यावर कोणी विश्वास नोंदवलेला नसतो.

मात्र सारी भिस्त पहिल्या नावावर असते. नवखा बहुधा यादीत वर दिसणारे प्रसिद्ध नाव निवडतो. त्यामुळे प्रसिद्धाची प्रसिद्धी आणखी वाढते. पण प्रसिद्धी म्हणजे आवड जुळणे नव्हे. त्यापेक्षा, आपण स्वतः वापरलेल्या वस्तूंबद्दल तो काय लिहितो ते आधी वाचावे. तो कारणे देतो का? दोषही सांगतो का?

वर्गात करून पाहा: प्रत्येक विद्यार्थ्याने त्याच दहा पुस्तकांना गुण द्यावेत. प्रत्येक जोडीचा गुणांक आधी दोन पुस्तकांवरून, मग दहांवरून काढावा. किती ‘जिवलग’ टिकतात?