मानेचे मणके आणि डोक्यावरची मोळी



ऊस विकास खात्याच्या माणसाने मानेच्या हाडांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण आपला ऊस फडातून गाडीत जातो तो बहुतेक माणसाच्या डोक्यावरूनच. मोळी घेऊन फळीवर चढताना सगळा भार मानेवर येतो.

मानेत सात मणके. दुसऱ्याच्या खाली प्रत्येक दोहोंमध्ये गादी असते, म्हणून मान मोकळी वळते. काही जणांचे दोन किंवा जास्त मणके जन्मतःच एकमेकांना चिकटलेले असतात. गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत ते सुटे व्हायचे राहून जातात. क्लिपेल आणि फील या फ्रेंच डॉक्टरांनी १९१२ साली याचे वर्णन केले, म्हणून व्यंगाला त्यांचेच नाव. आखूड मान, मागे खालपर्यंत आलेले केस आणि कमी वळणारी मान या त्याच्या खुणा. पण तिन्ही एकत्र निम्म्याहून कमी जणांत दिसतात. कित्येकांना तर पत्ताच नसतो.

खरा धोका चिकटलेल्या मणक्यांच्या शेजारी असतो. तिथला सांधा जास्त हलून ढिला होतो आणि मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. ट्रॉलीच्या साखळीच्या दोन कड्या वेल्डिंगने जोडल्या तर झीज पुढच्या कडीची होते, तसेच हे. अशा माणसाने डोक्यावर ओझे घेऊ नये. मुकादमाने त्याला कामचुकार न म्हणता दुसरे काम द्यावे. आणि दाढीबरोबर फुकटात कटकन मान मोडून घ्यायची हौस त्याने तर मुळीच करू नये. माझे विचाराल तर कोणीच करू नये.

काहींना सातव्या मणक्यापासून जादा बरगडी असते. शंभरात जेमतेम एखाद्याला, आणि बहुतेकांना त्रासही नाही. पण तिने हाताकडची नस किंवा रक्तवाहिनी दाबली तर करंगळी बधिर होते, हात गार पडतो, कोयत्याची पकड सुटते.

हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काही दिसले तर हंगाम संपायची वाट बघू नका. हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन क्ष-किरण फोटो काढा. फळीवरून कोणी पडला तर त्याला उठवून बसवू नका. डोके-मान सरळ धरून, तीच फळी खाली सरकवून दवाखान्यात न्या.

चिकटलेल्या मणक्यांचे मूल असेल तर त्याचे मूत्रपिंड आणि कानही तपासून घ्यावेत. त्यांतही जन्मजात दोष बऱ्याचदा सापडतो.