विरजण का फसते?

दूध ताजे, विरजण नेहमीचे, आणि तरीही सकाळी पाहावे तो दूध पातळच! दुग्धशाळांत असा प्रसंग अधूनमधून येतो व दोष बहुधा विरजण लावणाऱ्याच्या माथी बसतो. १९३५ साली न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड व कॉक्स या शास्त्रज्ञांनी चीजचे विरजण फसण्यामागे विषाणू असल्याचे दाखविले. हे विषाणू मनुष्यास अगर जनावरास बाधत नाहीत. ते केवळ जिवाणूंवर वाढतात.

त्यांची रचना समजली म्हणजे उपायही उमगतो. लॅक्टोकॉकस नावाच्या जिवाणूवर पडणारा पी-२ हा विषाणू पाहावा. त्याचे डोके म्हणजे वीस पैलूंची प्रथिनांची डबी. तीत डीएनए हे वंशद्रव्य ठासून भरलेले असते. डबीची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी. तिला लांब शेपूट असून शेपटाच्या टोकाशी जिवाणूच्या कवचावरील शर्करा ओळखणारी १८ प्रथिने तीन-तीनच्या झुबक्यांनी बसविलेली असतात. एरवी ती डोक्याकडे वळलेली असतात. कॅल्शियम मिळताच सुमारे २०० अंशांतून फिरून जिवाणूकडे तोंड करतात. दुधात तर कॅल्शियम विपुल! म्हणूनच मोठे कारखाने विरजण वाढविताना कॅल्शियम बांधून ठेवणारी फॉस्फेटे वापरतात.

एकदा चिकटला की विषाणू आपले वंशद्रव्य जिवाणूत सोडतो. मग जिवाणू आम्ल करण्याऐवजी विषाणूच घडवू लागतो आणि अखेर फुटतो.

शेपटाची ही प्रथिने किल्लीसारखी ठराविक वाणालाच लागू पडतात. यास्तव दुग्धशाळेने निरनिराळ्या वाणांची विरजणे आलटून पालटून वापरावीत. घरच्या विरजणात अनेक वाण मिसळलेले असल्याने ते सहसा पूर्णपणे फसत नाही. पाश्चरीकरणाच्या उष्णतेने सर्वच विषाणू मरतात असे नाही. दह्याच्या निवळीत ते अफाट संख्येने असतात. ती विरजणाच्या खोलीत नेऊ नये, भांडी उकळत्या पाण्याने किंवा वाफेने स्वच्छ करावीत.

मात्र प्रत्येक वेळी विषाणूच कारण असतो असे नाही. कासदाहावर प्रतिजैविक टोचलेल्या गाई-म्हशीचे दूध मिसळले तरीही विरजण लागत नाही. तेव्हा तेच विरजण खात्रीच्या, उकळून गार केलेल्या दुसऱ्या दुधास लावून पाहावे. तेथे दही लागले, तर संशय दुधावर. तेथेही न लागता त्याच दुधात निराळे विरजण लागले, तर संशय विषाणूवर. न आंबलेले दूध कोमट स्थितीत तसेच ठेवू नये; आम्लाअभावी त्यात घातक जंतू वाढतात.