विश्लेषण : पितळेला भोक पाडताना तेल नको, मग दाबताना का हवे?

पितळेच्या पट्टीला भोक पाडायचे असेल तर कसलेला फिटर तेलाची बाटली शोधत बसत नाही. कोरडेच ड्रिल चालवतो आणि बारीक भुसा बाहेर पडत राहतो. पण तीच पितळ डायमध्ये दाबून आकारात आणायची म्हटली की वंगणाशिवाय पान हलत नाही. तेल चुकीचे निवडले तर तुकडा डायमध्ये असा अडकतो की तो काढताना डायचाही बळी जातो.

शिरूर तालुक्यातील पाबळला हा प्रश्न परका नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो मुळात हाताने काम करत विज्ञान शिकण्यासाठी. जगातील सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये इथेच उभी राहिली. शेजारच्या रांजणगाव आणि चाकण एमआयडीसीत प्रेसवर काम करणाऱ्या तरुणांना तर ‘कोणते ऑइल लावू?’ हा प्रश्न रोजचाच. त्याचे सर्वांत कडक उदाहरण मात्र पुण्यातल्या खडकीचे आहे. तिथल्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून दारूगोळा तयार होतो आणि काडतुसाची पुंगळी पितळेची असते.

पुंगळीला वंगण कशासाठी?

पुंगळीची पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त अशी असते. भोक पाडायला सोपी जाणारी पितळ वेगळी. तिच्यात थोडे शिसे घातलेले असते, म्हणून भुसा तुटून पडतो. पुंगळीची पितळ ताणली जाणारी हवी. चकतीपासून वाटी, वाटीपासून लांब नळी असे तिला टप्प्याटप्प्याने ओढतात. प्रत्येक ओढीने ती कडक होते, म्हणून मध्ये तापवून पुन्हा मऊ करावी लागते.

गोळी सुटल्यावर पुंगळी फुगते. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, परवानगी असलेले नेमबाज ती पोलादी डायमध्ये दाबून मूळ मापात आणतात आणि पुन्हा वापरतात. ओढणे असो वा दाबणे, दोन्हीत पितळ पोलादावर प्रचंड दाबाखाली घासते. मध्ये काही नसेल तर पितळेचे सूक्ष्म कण डायला चिकटतात आणि पुढच्या प्रत्येक तुकड्यावर ओरखडे उठतात. प्रेसवाल्यांना हे ओरखडे सांगायला नकोत.

मग इंजिन ऑइल का चालत नाही?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. इंजिनात भाग वेगाने फिरतात, त्या वेगामुळे तेल मध्ये खेचले जाते आणि भाग जणू तेलावर तरंगतात. डायमध्ये वेग कमी, दाब अफाट. पातळ तेल चेंगरून बाजूला होते. कुलूप-बिजागरीवर मारायच्या स्प्रेचीही तीच गत. इथे तेलाचा जाडपणा कामाचा नाही, त्याचा चिकटपणा कामाचा आहे. रेणूंचे एक टोक धातूला घट्ट धरून बसले पाहिजे. हे काम स्निग्धाम्ले उत्तम करतात, म्हणून साबण, मेण, एरंडेल आणि लोकरीची चरबी अर्थात लॅनोलिन या जुन्या वस्तू आजही टिकून आहेत.

पितळ ओढताना साबणाचे पाणी वापरण्याची पद्धत जुनीच आहे. एरंडेल तर आपल्याकडे बैलगाडीच्या आसालाही घालत आणि ‘कॅस्ट्रॉल’ या नावातही एरंडच दडला आहे. त्याची खोड एकच, काही दिवस तसेच राहिले की चिकट राळ होते. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून निघते. ते अल्कोहोलमध्ये विरघळवून फवारतात, अल्कोहोल उडून जाते आणि पातळ थर उरतो. त्या फवाऱ्याजवळ ठिणगी नको आणि थर सुकण्याआधी घाईही नको. सरळ भिंतीच्या पिस्तुलाच्या पुंगळीसाठी कार्बाइडची डाय असेल तर वंगण बहुधा लागतच नाही. बाटलीसारख्या गळ्याच्या रायफलच्या पुंगळीला मात्र पर्याय नाही.

जास्त लावले तर?

द्रव दाबला जात नाही. गळ्याखालच्या खांद्याजवळ तेल साठले की त्याला जायला वाट नसते, मग पितळच आत दबते आणि खोक पडते. प्रेसच्या डायला हवा-तेल निघायला छिद्र ठेवतात ते याचसाठी. दाबून झाल्यावर वंगण पुसणे तितकेच गरजेचे. पुंगळीने झाडताना बंदुकीच्या आतल्या भिंतीला धरून राहायचे असते. ती तेलकट राहिली तर मागे सरकते आणि सगळा भार बोल्टवर येतो. तेल आत गेले तर प्राइमर निकामी होण्याची भीती वेगळीच.

पितळेला कशाचे वावडे?

गंधक आणि अमोनिया. पोलाद कापायच्या काही तेलांत क्रियाशील गंधक असते. ते तांब्याला काळे पाडते. अमोनियाची गोष्ट तर भारतातलीच आहे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या तबेल्यात साठवत आणि हंगाम संपल्यावर अनेक पुंगळ्यांना तडे गेलेले आढळत. कारण कळायला १९२१ उजाडले. दाबून घडवलेल्या पितळेत ताण शिल्लक असतो आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणाऱ्या अमोनियाने तो ताण तड्याच्या रूपाने बाहेर पडतो. त्यामुळे अमोनिया असलेले पॉलिश वापरून पितळ चकचकीत करण्याचा मोह ताणाखालच्या भागावर टाळावा. डबक्यात जमवलेले जळके ऑइलही नको, त्यात आम्ल आणि धातूचा भुगा असतो.

घरी काडतूस भरता येते का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही कायद्याच्या व्याख्येत येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनाला किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. तेव्हा बाहेरून मागवलेली डाय ‘नुसते हत्यार’ म्हणून सुटत नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकले, त्या प्रकारातले .२२ रिमफायर काडतूस तर पुन्हा भरण्यासाठी बनलेलेच नसते. त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच असतो.

वर्कशॉपमध्ये पितळेवर काय चालेल, हे ओळखायला प्रयोगशाळेत तांब्याची पट्टी तेलात गरम करून तिचा रंग पाहतात. तेवढी सोय नसेल तर पितळेच्या भंगार तुकड्यावर तेलाचा थेंब टाकून तो रात्रभर ठेवावा. सकाळी पुसल्यावर काळा किंवा हिरवा डाग दिसला तर ती बाटली पोलादाच्या कामासाठी बाजूला काढावी.