गोळीला आठवडे का लागतात?

नैराश्यावरची फ्लुओक्सेटिनसारखी गोळी पोटात गेली की काही तासांतच मेंदूतल्या दोन चेतापेशींमधल्या फटीत सेरोटोनिन वाढू लागतं. मन हलकं व्हायला मात्र दोन-चार आठवडे जातात. ‘सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं रसायन, कमी पडलं की भरून काढायचं’ हे समीकरण खरं असतं, तर एवढा उशीर झालाच नसता. सेरोटोनिनचं खरं काम संथ आहे, ते मेंदूची घडणच बदलतं, असं मला पुराव्यांवरून वाटतं. प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी जन्मत नाहीत, या समजुतीला जोसेफ ऑल्टमन यांनी १९६०च्या दशकात धक्का दिला. १९९९मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतलं सेरोटोनिन घटवलं, तेव्हा स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींचा जन्मही घटला. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठात रोनाल्ड डुमन यांच्या गटाला उलट बाजू दिसली: फ्लुओक्सेटिन पाच दिवस देऊन काहीच घडलं नाही, दोन आठवडे दिल्यावर नव्या पेशी वाढल्या. मग २००३मध्ये रेने हेन यांच्या गटाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसवर क्ष-किरण सोडून हा जन्मच थांबवला. औषधाचा वागण्यावरचा परिणामही गेला.

डुमन यांच्याकडेच पीएच.डी. केलेल्या विदिता वैद्य मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं याच प्रश्नामागे आहेत. नॉरअ‍ॅड्रेनालिन हे मेंदूतलं दुसरं रसायन घटलं तरी नव्या पेशींचा जन्म मंदावतो, हे त्यांच्या गटाने २००२मध्ये दाखवलं. म्हणजे सेरोटोनिन या कामात एकटं नाही. २०१९मध्ये त्यांना आणि उल्लास कोल्थूर-सीताराम यांना आढळलं, की सेरोटोनिनमुळे चेतापेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. निरोप पोचवणारं रसायन पेशीची ताकदही वाढवतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

हे सगळं उंदरांचं, माणसाचं काय? आक्षेप रास्त आहे. प्रौढ माणसात नव्या पेशी सापडत नाहीत, असं २०१८मध्ये एका गटाने म्हटलं. पुढच्याच वर्षी माद्रिदच्या संशोधकांना त्या उतारवयातही दिसल्या. ऊतक कसं जतन केलं, यावर निकाल बराच अवलंबून असतो. दुसरा आक्षेप मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ यांच्या २०२२च्या आढाव्यातला: नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने होतं, याला भक्कम पुरावा नाही. हे मान्य करूनही माझा मुद्दा उभा राहतो. आजाराचं कारण एक असू शकतं आणि औषधाची वाट दुसरी. त्या वाटाही अनेक आहेत. काही परिणाम नव्या पेशींशिवायही होतात.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या रुग्णाला या वादाशी कर्तव्य नसेल, पण उशिराशी आहे. मळमळ, अस्वस्थता, झोपमोड पहिल्या आठवड्यातच सुरू होतात आणि आराम मागून येतो. साताऱ्याच्या सिव्हिलला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून गोळी नेमकी याच काळात सुटण्याची भीती असते. गोळी लिहून देतानाच हे आठवड्यांचं गणित रुग्णाला आणि घरच्यांना सांगायला हवं; मधल्या काळात शंका आली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक म्हसवडहूनही लागतो.