मणका मोडल्यावर

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात विहिरी पुष्कळ. विहिरीत किंवा झाडावरून पडलेल्याला आपण हातापायांना धरून उचलतो आणि जीपमध्ये घालतो. ही घाईच घातक ठरू शकते.

पाच रिकाम्या रिळांतून सुतळी ओवून मधले रीळ बाजूला सरकवा, सुतळी चिमटेल. मणक्यांतून जाणारा, बोटाएवढा जाड मज्जारज्जू असाच चिमटतो. मार बसल्यावर तो पूर्ण तुटलेला असतोच असे नाही. पुढे काही तास सूज वाढते, रक्तपुरवठा घटतो, शाबूत पेशीही मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. शस्त्रक्रिया मणके स्थिर करते, दाब काढते. रज्जू जोडत नाही. म्हणून जखमीला हलवू नये, १०८ला फोन करावा. हलवावेच लागले, तर डोके, मान, पाठ एका रेषेत धरून सर्वांनी एकदम फळीवर घ्यावे. (शाळेचा लाकडी फळाही चालेल!)

मग प्रश्न कातडीचा. संवेदना गेल्याने दाबाच्या जखमा कळत नाहीत, आणि पूर्वी रुग्ण त्यांनीच दगावत. इंग्लंडमध्ये डॉ. गटमन यांनी १९४४पासून दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लावली. रुग्णांना खेळांकडेही वळवले. सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले.