धुवायची ती जाळी, हेपा नव्हे

एअर प्युरिफायरमध्ये हवेची सफाई तीन थर करतात: समोरची जाळी, घडीदार हेपा फिल्टर आणि वास शोषणारा सक्रिय कोळसा. पंखा फक्त हवा ओढतो. या यंत्रांवरचा १८ टक्के जीएसटी कमी करावा, ही मागणी डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली तेव्हा चर्चा झाली ती यंत्राच्या किमतीची. फिल्टरचा पुढे वर्षानुवर्षे चालणारा खर्च आणि त्याची निगा यांकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही.

प्रश्न फक्त दिल्लीचा नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत लातूर शहर आहे. त्याच जिल्ह्यातल्या देवणीसारख्या तालुक्यात धुळीचा हंगाम शेतीबरोबर फिरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या राशी सुरू होतात, मळणीयंत्रातून भुसा उडतो. पुढे तुरीच्या राशी, आणि उन्हाळ्यात नांगरलेल्या काळ्या रानाची माती. कंपनीच्या पुस्तिकेत जाळी दोन ते चार आठवड्यांनी साफ करा, असे लिहिलेले असते. राशीच्या दिवसांत तेवढे थांबणे परवडत नाही. आठवड्याला जाळी काढलीच पाहिजे. शेजारच्या रानात रास चालू असेल तर आधी खिडक्या लावाव्यात. उघड्या खिडकीत प्युरिफायर चालवणे म्हणजे फिल्टर फुकट भरणे.

जाळीचे काम सोपे आहे. प्लग काढावा, जाळी अंगणात नेऊन मऊ ब्रशने झाडावी, नाकाला रुमाल बांधावा. तेलकट थर असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी. ओली जाळी बसवली की आत बुरशी धरते.

खरा घोटाळा हेपाचा होतो. ट्रॅक्टरचा एअर फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून पुन्हा बसवायची सवय गावोगाव आहे. तोच प्रयोग हेपावर केला की बारीक तंतूंच्या घड्या फाटतात, आणि ती फट डोळ्यांना दिसतही नाही. हेपा चाळणीसारखा चालत नाही. तंतूंमधली जागा कणांपेक्षा बरीच मोठी असते. मोठे कण वळणावर तंतूला धडकून अडकतात, अतिसूक्ष्म कण सैरावैरा हलताना तंतूला चिकटतात. मधल्या, साधारण ०.३ मायक्रॉनच्या कणांना पकडणे सर्वांत अवघड, म्हणूनच अमेरिकी मानकात ९९.९७ टक्क्यांची कसोटी याच आकारावर लावतात.

घरगुती यंत्रांतल्या अनेक फिल्टरांच्या कृत्रिम तंतूंवर स्थिर विद्युतभारही दिलेला असतो. त्यामुळे धूलिकण ओढले जातात. एन-९५ मास्कचे कापडही याच तत्त्वावर चालते. ते भारित करण्याची पद्धत विकसित करणारे टेनेसी विद्यापीठाचे पीटर त्साय २०२० मध्ये निवृत्तीतून पुन्हा कामाला लागले, कारण मास्क तुटपुंजे होते आणि ते पुन्हा कसे वापरायचे हे डॉक्टरांना जाणून घ्यायचे होते. त्यांचा भर ७० अंश सेल्सियसच्या कोरड्या उष्णतेवर होता. कारण साबण आणि अल्कोहोल या विद्युतभाराचा नाश करतात. साबणाने धुतलेला हेपा दिसायला नवा दिसतो, पण त्याची ही ताकद गेलेली असते. म्हणून पुस्तिकेत 'धुता येतो' असे स्पष्ट लिहिले नसेल तर हेपाला पाणी लावूच नये. कोळशाचा थरही उन्हात ठेवून पूर्ववत होत नाही. फोडणीचे, उदबत्तीचे वास घरात रेंगाळू लागले की तो भरला असे समजावे.

हेपा सहसा सहा महिने ते वर्षभरात बदलतात. पण अनेक यंत्रांवरचा फिल्टर बदलायची सूचना देणारा दिवा फक्त चाललेले तास मोजतो, धूळ नाही. भरलेला हेपा कण पकडायचे सोडत नाही. त्यातून हवाच कमी जाते. तेव्हा खूण हवेच्या झोताची: जाळी स्वच्छ असूनही पूर्ण वेगावर झोत मंद वाटला किंवा घड्या काळवंडल्या, तर मुदतीआधीच बदलावा. उलट वर्षभर बंद ठेवलेल्या यंत्राचा स्वच्छ हेपा तारखेमुळे फेकणे हा निव्वळ अपव्यय आहे.

नवा फिल्टर बसवताना त्यावरची प्लास्टिकची पिशवी काढावी; ती विसरल्याने यंत्र महिनोन्महिने नुसते घरघरत राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. बाणाची दिशा पाहावी, कडेची रबरी पट्टी नीट बसवावी, आणि शेवटी दिव्याचे रिसेट बटण दाबून धरावे. जुना फिल्टर न झटकता पिशवीत बंद करून सुक्या कचऱ्यात द्यावा.